नवा फिल्टर, पण फट तशीच: परभणी जिल्ह्यातल्या एका डिझेल गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या पन्नाशीतल्या गृहस्थांची ही गाडी. २०१६ सालची हॅचबॅक, १,२४८ सीसीचं टर्बो डिझेल इंजिन, आणि प्रकरण घडलं तेव्हा १,१२,००० किलोमीटर चाललेली. ओळख पटू नये म्हणून गावाचं, माणसांचं आणि गाडीचं नाव दिलेलं नाही. गाडीवाल्यांना ‘मालक’ आणि त्यांच्या बहिणीच्या मुलाला ‘भाचा’ एवढंच म्हटलं आहे. भाच्याने आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचा ट्रेड केलेला आहे.

गाडीचं चालणं अर्धं डांबरी रस्त्यावर आणि अर्धं पांदणीवर. बियाणं पोचवायचं, शेतकऱ्याचं पीक बघायला बांधापर्यंत जायचं, परत यायचं. पावसाळा सरून काळी माती वाळली की पांदणीत घोटाभर फुफाटा होतो आणि पुढच्या वाहनामागून गेलं की तो थेट बॉनेटखाली शिरतो. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी सुरू झाली की त्यात भुशाची भर पडते. शिवाय त्या भागात रस्त्याचं काम चालू असल्याने मुरूम वाहणाऱ्या हायवांच्या मागे रोज काही किलोमीटर जावं लागायचं.

अशा गाडीच्या एअर फिल्टरवर किती भार पडतो, याचा हिशेब सोपा आहे. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या घनफळाएवढी हवा ओढतं. १,२४८ सीसीचं इंजिन २,००० आरपीएमवर मिनिटाला साधारण १,२५० लिटर, म्हणजे तासाला ७५ घनमीटर हवा घेतं. टर्बो, म्हणजे हवा दाबून इंजिनात ढकलणारा पंखा, दाब देतो तेव्हा त्याहून जास्त. ही सगळी हवा कागदाच्या एका घडीदार पट्टीतून जाते. सिलिंडर, पिस्टन रिंगा आणि बेअरिंगांमधला तेलाचा थर काही मायक्रॉनांचाच असतो. त्यामुळे डोळ्याला न दिसणारे ५ ते २० मायक्रॉनांचे कण सगळ्यात जास्त घासतात. फिल्टरचं खरं काम हे कण अडवणं. पालापाचोळा तर साधी जाळीही अडवते.

अडचण

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात गाडी चढावर काळा धूर सोडू लागली आणि तिसऱ्या गिअरमध्ये ओढेनाशी झाली. मालकांनी गाडी रस्त्यावरच्या पंक्चरच्या दुकानात नेली. तिथे झाकण उघडून फिल्टर काढला, आपटला, टायरला हवा भरायच्या नळीने दोन्ही बाजूंनी ‘हवा मारली’ आणि परत बसवला. धूर लगेच कमी झाला. इथपर्यंत सगळ्यांचं समाधान होतं.

तीनेक आठवड्यांनी दोन गोष्टी झाल्या. अॅक्सिलरेटर दाबला की इंजिनाच्या बाजूने पूर्वी नसलेला हवा ओढल्याचा घोगरा आवाज येऊ लागला. मग डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि २,५०० आरपीएमच्या वर गाडी ताकदच देईना. धूर मात्र नव्हता. एका गॅरेजने स्कॅनर लावून पी०१०१ हा कोड दाखवला आणि हवा मोजणारा सेन्सर बदलायला सांगितलं. खर्च पाच-सहा हजारांचा होता.

पी०१०१ म्हणजे एअर फ्लो सेन्सरचं माप अपेक्षेच्या चौकटीत बसत नाही. सेन्सर मेला असाच त्याचा अर्थ नाही. फिल्टरच्या डब्यातून निघाल्याबरोबर नळीत हा सेन्सर बसलेला असतो. त्यातला तापवलेला बारीक घटक हवेने किती गार होतो यावरून हवेचं वजन ठरतं. त्यावर धुळीचं पुट चढलं की तो कमी गार होतो आणि सेन्सर खऱ्यापेक्षा कमी हवा सांगतो. हवाच कमी आहे असं समजून इंजिनाचा संगणक डिझेल कमी सोडतो. धूर होत नाही, पण गाडी मरगळते. इथे लक्षणं नेमकी हीच होती. सेन्सर तर फिल्टरच्या पुढे, स्वच्छ बाजूला असतो. तिथे धूळ पोचलीच कशी, हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारला नाही.

दिवाळीत भाचा आला तेव्हा मालकांनी सहज विषय काढला. गाडी सेन्सरसाठी सोडायची की थांबायचं? भाच्याने आधी फिल्टरचा डबा उघडून बघायचं ठरवलं.

डब्यात काय सापडलं

झाकण काढण्याआधी भाच्याने टॉर्च लावून डब्याच्या कडेने नजर फिरवली आणि अर्धं उत्तर तिथेच मिळालं. अशा डब्यांच्या झाकणाला पुढच्या बाजूला स्प्रिंगच्या क्लिपा असतात आणि मागच्या बाजूला दोन-तीन जिभा. त्या जिभा आधी खालच्या डब्याच्या खाचांत सरकवायच्या, मगच झाकण खाली दाबून क्लिपा लावायच्या. या गाडीत मागची एक जीभ खाचेत गेलेलीच नव्हती, ती कडेवर टेकलेली होती. झाकण मागून दोन-तीन मिलिमीटर उचललेलं होतं. क्लिपा मात्र पुढून लागलेल्या, त्यामुळे वरून बघणाऱ्याला सगळं जागच्या जागी वाटावं. चारपैकी एक क्लिप गायब होती आणि तिच्या जागी बाइंडिंगची तार पिळलेली होती.

“मामा, फिल्टर कितीही नवा टाका, हवा फटीतूनच जायली,” भाचा म्हणाला.

झाकण उघडल्यावर आणखी तीन गोष्टी दिसल्या. फिल्टरच्या कडेच्या फोमवर मागच्या बाजूला मातकट पट्टा उमटला होता, आणि तिथून झाकणाच्या आतल्या, स्वच्छ बाजूच्या भिंतीवर धुळीचे बारीक ओघळ सेन्सरच्या दिशेने गेले होते. चांगल्या बसलेल्या फिल्टरची स्वच्छ बाजू बोट फिरवलं तरी कोरडी आणि निर्मळ लागते. इथे बोट काळं झालं. फिल्टर अंधारात धरून मागून टॉर्च लावल्यावर दोन घड्यांच्या टोकाला, कागद कडेला चिकटवलेला असतो तिथे, उजेडाच्या रेघा दिसल्या. कागद डिंकापासून सुटला होता. आणि डब्याच्या तळाशी सोयाबीनचे मूठभर दाणे होते. गाडी गोदामाला लागून उभी असायची, उंदराने हवेच्या तोंडातून आत साठा केला होता. मळणीच्या दिवसांत हे आपल्याकडे नेहमी बघायला मिळतं. दाण्यांपेक्षा उंदराने फोम कुरतडणं जास्त घातक. इथे फोम शाबूत होता.

हवा मारण्याने काय झालं, ते नीट सांगायला हवं, कारण मराठवाड्यातल्या अनेक पंक्चरच्या दुकानांत हे घडतं आणि करणारा चांगल्या हेतूनेच करतो. टायरच्या कॉम्प्रेसरच्या टाकीत १२० ते १५० पीएसआय दाब असतो. ट्रक-ट्रॅक्टरचे जे फिल्टर हवेने साफ करायला कंपनी परवानगी देते, तिथेही मर्यादा साधारण ३० पीएसआय, नोझल लांब आणि हवा फक्त आतून बाहेर. कारच्या पातळ कागदी फिल्टरवर टायरची नळी जवळ धरली की कागदाचे तंतू फाकतात, घड्यांचा डिंक सुटतो. बाहेरून आत हवा मारली तर धूळ कागदात आणखी खोल बसते. फिल्टर उजळ दिसतो आणि निकामी झालेला असतो.

दुसरी गोष्ट लोकांना उलटी वाटते. वापरात मळलेला फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा बारीक धूळ जास्त चांगली अडवतो. कागदावर बसलेला धुळीचा थर स्वतःच गाळणीचं काम करतो. आयएसओ ५०११ या मानकाखाली फिल्टर तपासताना सुरुवातीची कार्यक्षमता आणि भरेपर्यंतची कार्यक्षमता वेगवेगळी मोजतात, ती यासाठीच. मळलेल्या फिल्टरचा तोटा एवढाच की हवा ओढायला जोर लागतो. तो तोटा गाडी चालवणाऱ्याला लगेच कळतो. फाटलेल्या किंवा फट राहिलेल्या फिल्टरचा तोटा मात्र वर्षा-दोन वर्षांनी, तेल खाणाऱ्या इंजिनात कळतो.

पर्याय

पहिला पर्याय गॅरेजने सांगितलेला: सेन्सर बदला. याने दिवा जाईल आणि काही आठवडे गाडी ठणठणीत चालेल. पण फट तशीच राहिली असती तर नव्या सेन्सरवरही तेच पुट चढणार. कारण न शोधता महागडा भाग बदलायचा नाही, यावर मामा-भाच्यांचं एकमत व्हायला वेळ लागला नाही.

दुसरा पर्याय तोच फिल्टर तात्पुरता बसवून दिवाळीनंतर बघायचं. फाटलेल्या घड्या पाहिल्यावर भाच्याने तो बाजूला ठेवला.

तिसरा, नवा फिल्टर घरीच बसवणं. मालक त्याच दिवशी गावातल्या स्पेअर पार्टच्या दुकानातून ‘याच गाडीचा’ म्हणून स्वस्तातला लोकल फिल्टर घेऊन आले. खरा पेच इथे आला. जुन्याशेजारी ठेवल्यावर नवा लांबीला तीन-चार मिलिमीटर कमी भरला आणि त्याचा फोम कडक होता. डब्यात ठेवला की एका बाजूला सरकायचा. दुसऱ्या दिवशी भाऊबीज, दुकानं बंद, आणि मालकांना पाहुण्यांकडे जायचं होतं.

“दारा-खिडकीला लावतात ती फोमची पट्टी आहे घरात. ती चिकटवून टाकू, चार दिवसांचा तर प्रश्न आहे,” असं मालकांचं म्हणणं.

भाच्याने नकार दिला. त्याच्या नकाराची कारणं नेमकी होती. खिडकीची पट्टी इंजिनाच्या उष्णतेला टिकत नाही आणि तिचा डिंक पातळ होऊन घसरतो. सुटलेला तुकडा स्वच्छ बाजूला गेला तर थेट टर्बोच्या पंख्यात जाणार, जो लाखभर आरपीएमच्या वर फिरतो. शिवाय पट्टीने जाड झालेल्या कडेवर झाकण पुन्हा मागून उचललं जाणार, म्हणजे मूळ दुखणंच परत. मालकांना पटायला थोडा वेळ लागला. शेवटी पाहुण्यांकडे मोटरसायकलवर जायचं ठरलं आणि गाडी तीन दिवस अंगणात उभी राहिली. या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय आम्ही यालाच मानतो. गाडी उभी ठेवायला खर्च काही आला नाही.

चौथा पर्याय, धुता येणारा तेल लावलेला कापडी फिल्टर, हाही बोलण्यात आला. तेल जास्त झालं तर ते सेन्सरवर जातं आणि फुफाट्यात सारखी धुलाई करावी लागते. पांदणीच्या गाडीला तो नको, हे लगेच ठरलं.

काम कसं केलं

दुकानं उघडल्यावर भाच्याने परभणीहून गाडीच्या कंपनीचाच फिल्टर आणला, साडेचारशे रुपयांच्या आसपास. जुना फिल्टर सोबत नेला होता आणि काउंटरवरच दोन्ही एकावर एक ठेवून लांबी, रुंदी, जाडी आणि फोमचा आकार जुळवून पाहिला. एअर फ्लो सेन्सरसाठीच मिळणारा स्प्रे घेतला. हरवलेली स्प्रिंग क्लिप भंगारातल्या त्याच मॉडेलच्या डब्यावरून काढून आणली. क्लिप अडकायचा प्लॅस्टिकचा कान शाबूत होता म्हणून हे जमलं. कान तुटलेला असता तर खालचा डबाच बदलावा लागला असता. अशा वेळी काही जण डब्याला भोक पाडून स्क्रू मारतात. त्याचा चुरा आत पडतो आणि कड वाकडी होते, तो मार्ग धरू नये.

लागलेली साधनं मोजकीच: चपटा आणि फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, सेन्सरच्या स्क्रूसाठी ताऱ्याच्या आकाराचा बिट, टॉर्च, लिंट न सुटणारी दोन सुती फडकी, घरचा व्हॅक्यूम क्लीनर. पुसायला गोदामातलं बारदान किंवा कापसाचा बोळा घेऊ नये, त्यांचे तंतू मागे राहतात.

इंजिन पूर्ण गार, किल्ली काढलेली. आधी मोबाइलवर डबा, नळ्या आणि प्लग यांचे फोटो काढले. सेन्सरचा प्लग लॉक दाबून काढला, वायर ओढून नव्हे. मग झाकणापासून टर्बोकडे जाणाऱ्या नळीचा होज क्लॅम्प सैल करून नळी मागे सरकवली आणि तिच्या तोंडात लगेच स्वच्छ फडकं कोंबलं. हे फडकं विसरलं तर इंजिन तेच ओढून घेतं. म्हणून भाच्याने फडक्याचं लांब टोक बाहेर लोंबत ठेवलं आणि गाडीची किल्ली त्याच टोकात बांधली. फडकं काढल्याशिवाय गाडी सुरूच होणार नाही.

बॉनेटखालची धूळ आधी झाकणावरून पुसून घेतली, मगच झाकण उचललं. उलट क्रमाने केलं तर वरची माती उघड्या नळीत पडते. खालच्या डब्यातले दाणे, भुसा आणि माती व्हॅक्यूमने ओढली आणि ओलसर फडक्याने पुसलं. डब्यात हवा मारली नाही. हवेने धूळ जात नाही, ती उडून जिथे जायला नको तिथे बसते. तळाशी पाणी निथळायचं छोटं भोक असतं, ते मातीने बुजलेलं होतं. काडीने मोकळं केलं. पावसाळ्यात हे बुजलेलं असलं तर फिल्टर खालून भिजतो, आणि भिजलेला कागद हवेला जवळजवळ बंद होतो.

सेन्सर नळीतून सोडवून स्प्रेने दहा-बारा फवारे मारले, थोड्या अंतरावरून. आतल्या घटकाला बोट, ब्रश, कापसाची काडी काहीही लावायचं नाही. कार्ब्युरेटर क्लीनर, ब्रेक क्लीनर किंवा पेट्रोल वापरायचं नाही, त्यांनी प्लॅस्टिक आणि लेप खराब होतो. सेन्सर अर्धा तास सावलीत वाळू दिला. ओला बसवून प्लग लावला तर तो कामातून जाऊ शकतो.

तो वाळेपर्यंत भाच्याने टर्बोच्या तोंडाची पाहणी केली. फटीतून आलेल्या धुळीचा पहिला मार टर्बोच्या पंख्यालाच बसतो. पात्यांच्या कडा टॉर्चखाली सरळ आणि धारदार दिसल्या, झिजून गोल झालेल्या नव्हत्या. पंखा बोटाने सहज फिरला. आडवा किंचित हलला, तेवढं चालतं. पुढे-मागे सरकला नाही, तसा सरकायलाही नको. नळीत मात्र तेलाच्या पातळ थरात मिसळलेली धूळ चिकटलेली होती. हात पोचेल तिथपर्यंत ती पुसून काढली.

मग नवा फिल्टर. फोमची कड डब्याच्या खाचेत चारी बाजूंनी बोटाने दाबून बसवली. झाकण तिरपं धरून आधी मागच्या जिभा खाचांत घातल्या, एकेक जीभ टॉर्चने बघून. झाकण खाली आणल्यावर क्लिपा लावण्याआधीच कड सगळीकडे सारखी बसली का ते पाहिलं. क्लिप लावायला जोर लागत असेल तर थांबायचं, कारण चांगलं बसलेलं झाकण क्लिपांनी फक्त धरून ठेवायचं असतं, खाली ओढायचं नसतं. क्लिपा एकेक करून लावल्या. नंतर पातळ कागदाची पट्टी घेऊन झाकणाच्या सांध्यात चहूकडून घालून पाहिली, ती कुठेही शिरली नाही. पट्टी शिरली असती तर झाकण परत उघडायचं.

फडकं काढलं, नळी पूर्ण आतपर्यंत सरकवली, क्लॅम्प नळीच्या उंचवट्यामागे बसवून बेताने आवळला. जास्त आवळला की रबर चिरतं आणि नवी फट तयार होते. प्लग ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबला. इंजिन सुरू करून कान दिला, घोगरा आवाज गेला होता. कोड स्कॅनरने पुसला. पाहणी आणि पुसापुशी धरून सगळ्याला दीड-दोन तास लागले. नुसता फिल्टर बदलायचा असेल तर पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

एक तपासणी भाच्याने मुद्दाम राखून ठेवली. झाकणाच्या आत, स्वच्छ बाजूला, सेन्सरपासून दूर असलेल्या भिंतीवर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवला. धूळ येत असेल तर ती तिथे चिकटून दिसेल. थर जाड झाला तर जेली वितळून पुढे जाईल, म्हणून बोटाला लागेल न लागेल इतकाच.

परिणाम

गाडी पहिल्याच फेरीत तिसऱ्या गिअरमध्ये पूर्वीसारखी ओढू लागली. पिवळा दिवा परत लागला नाही. नवा सेन्सर घ्यावा लागला नाही. तीनशे-साडेतीनशे किलोमीटरनंतर, पांदणीच्या फेऱ्या धरून, मालकांनी एकदाच झाकण उघडलं. जेली स्वच्छ होती. ती पुसून, जिभा बघून झाकण बंद केलं.

इंजिन तेल आणि तेलाचा फिल्टर मुदतीआधीच बदलले. आत गेलेली धूळ तेलात फिरत राहते आणि प्रत्येक फेरीत घासते, तेव्हा ते तेल पूर्ण मुदतीपर्यंत ठेवण्यात शहाणपण नव्हतं. तीनेक आठवड्यांत जी झीज झाली ती मात्र भरून येणार नाही. डिपस्टिकवर तेलाची पातळी पूर्वीपेक्षा किंचित लवकर उतरते असं मालक सांगतात. त्याला धूळच कारणीभूत आहे असं ठामपणे म्हणता येत नाही, गाडीचं वयही झालं आहे. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासलेलं नाही.

अॅव्हरेजमध्ये मालकांना फारसा फरक जाणवला नाही, आणि त्यात नवल नाही. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली इंजेक्शनच्या आधुनिक पेट्रोल गाड्यांवर फिल्टर मुद्दाम गच्च करून चाचण्या घेतल्या. इंधनाच्या खर्चात लक्षणीय बदल आढळला नाही, फरक पडला तो वेग घेण्यात. अॅव्हरेज सुधारेल म्हणून फिल्टरला वरचेवर हवा मारण्याची जी सवय आहे, ती कार्ब्युरेटरच्या काळातून आलेली आहे.

वेगळं काय करता आलं असतं

ऑक्टोबरात पंक्चरच्या दुकानात हवा मारण्याऐवजी नवा फिल्टर टाकला असता तर साडेचारशे रुपयांत विषय मिटला असता. तरी दुकानदारावर सगळं ढकलणं योग्य नाही. बसवल्यावर झाकणाची मागची कड बघणं मालकांनाही जमलं असतं. त्याला ना पाना लागतो, ना शिक्षण. टॉर्च पुरते.

पाना लावायच्या आधी आवाजाकडे लक्ष जायला हवं होतं. घोगरा आवाज दिव्याच्या आधी काही दिवस येत होता. फिल्टरला हात लागल्यानंतर इंजिनाचा आवाज बदलला तर तो बहुतेक वेळा डब्याच्या किंवा नळीच्या फटीचाच असतो. तेव्हाच डबा उघडला असता तर सेन्सरपर्यंत गोष्ट गेली नसती.

गॅरेजचं निदान कोडपुरतं बरोबर होतं, पण तिथे फिल्टरचा डबा उघडलाच गेला नाही. एअर फ्लो सेन्सरचा कोणताही कोड आला की भाग मागवण्याआधी ‘डबा उघडून स्वच्छ बाजू दाखवा’ एवढं गिऱ्हाइकाने म्हणावं. पाच मिनिटांचं काम आहे.

भाच्याच्या कामातही एक गोष्ट वेगळी करता आली असती. त्याने सेन्सर साफ करणं आणि फिल्टर बदलणं एकाच बैठकीत केलं. आधी फक्त फिल्टर बदलून, झाकण बसवून, स्कॅनरवर तिसऱ्या गिअरमधल्या जोराच्या ओढीत हवेचा आकडा किती चढतो हे पाहिलं असतं आणि मग सेन्सर साफ करून परत पाहिलं असतं, तर दोष किती फटीचा आणि किती पुटाचा हे वेगळं कळलं असतं. सणाचे दिवस आणि मालकांची घाई पाहता त्याने केलं ते समजण्यासारखं आहे.

आता या गाडीसाठी ठरलेली पद्धत अशी: फिल्टर दर १०,००० किलोमीटरला किंवा सोयाबीनची मळणी आटोपल्यावर, जे आधी येईल तेव्हा बदलायचा, साफ करायचा नाही. कंपनीच्या पुस्तकातली मोठी मुदत साध्या रस्त्यांसाठी असते, धुळीच्या वापरासाठी वेगळा रकाना असतो, आणि पांदणीवर चालणाऱ्या गाडीने तोच वाचायचा. मधल्या काळात उगाच झाकण उघडायचं नाही, प्रत्येक उघडण्यात चुकीचं बसण्याची शक्यता असते. झाकणावर कायमच्या मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवलेत, म्हणजे सर्व्हिसिंगला कुणी ‘बघून घेतो’ म्हणालं तर दाखवता येतं. एक जादा फिल्टर पॅकिंगसकट घरी ठेवलेला आहे, धान्याच्या खोलीत नव्हे, कपाटात, कारण उंदीर फोम आवडीने कुरतडतात. गाडीही गोदामापासून लांब उभी करतात. हवेच्या तोंडाला बारीक जाळी बसवायचा विचार झाला होता, पण मळणीच्या दिवसांत ती भुशाने बुजेल म्हणून सोडून दिला. तेलाची पातळी दर पंधरा दिवसांनी, गाडी सपाट जागी आणि इंजिन गार असताना बघून वहीत लिहायची, हे काम मालकांनी स्वतःकडे घेतलं आहे.